पॉइंट गेला आणि बारा वाजले

आप्पा अमळनेरहून संध्याकाळच्या एसटीने आले आणि बंडीच्या आतल्या खिशातून रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. चार घड्या घातलेला, घामाने ओलसर झालेला कागद. लॅबवाल्याने व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हटलं होतं, पण आप्पांना कागदच हवा होता. त्यांचा मोबाईलही बटणांचा.

मुलगी दहावीत आहे. मी चष्मा शोधेपर्यंत तिने फोटो काढून एआयच्या ॲपला दिलासुद्धा. मिनिटभरात स्वच्छ मराठीत उत्तर आलं: क्रिएटिनिन १२, किडनी गंभीर धोक्यात, ताबडतोब रुग्णालयात न्या. आईने पदर डोळ्याला लावला. मी शालकाला फोन केला, गाडी काढ, रात्रीच जळगावला निघू. आणि ज्यांची किडनी गेली म्हणत होतो ते समोर बसून कळण्याची भाकरी नि ठेचा खात होते. मुलीच्या हातातल्या मोबाईलकडे बोट करून म्हणाले, "त्याले काय मालूम? तो काय डागदर शे का?"

कागद ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा कळलं. घडी बरोबर त्या आकड्यावरून गेली होती. १.२ मधला पॉइंट घडीत गेला होता. शेजारीच नॉर्मल किती ते छापलेलं होतं, १.२ त्यात बसत होतं. तेही आम्ही कोणी वाचलं नव्हतं. मुलीने आकडा टाइप करून पुन्हा विचारलं, तर यंत्राने अदबीने माफी मागितली आणि काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. मला त्या अदबीचाच जास्त राग आला. शालक तोवर अर्ध्या वाटेत पोहोचला होता.

मुलगी मात्र अजिबात हलली नाही. "पप्पा, फोटो मीच नीट काढला नव्हता." तिच्या लेखी चूक फोटोची. आप्पांच्या लेखी दुसरं उत्तरही पहिल्याइतकंच खोटं.

पण उपाशीपोटीची शुगर १८६ होती, आणि ती घडीत सापडलेली नव्हती. आप्पा जळगावला यायला तयार होईनात. म्हणून दुसऱ्या दिवशी गावच्याच उपकेंद्रात नेलं. आता त्याच्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलंय, पण बोलताना सगळे उपकेंद्रच म्हणतात. तिथल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडम ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्याआधी आभाचा, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखीचा, चौदा अंकी नंबर काढायचं ठरलं. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो आप्पांच्या मोबाईलवर आला. आप्पांनी मोबाईल सरळ बंडीत घातला. "ओटीपी कोनले देवानं नही." बँकेच्या माणसाने पारावर येऊन हेच तर बजावलं होतं! त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मॅडमने घाई केली नाही. गाव कोणतं, माहेर कुठलं, ही विचारपूस आप्पांनीच सुरू केली. निघालं असं की मॅडमचे वडील आणि आप्पा एकाच जिनिंगवर कापसाच्या गाड्या लावायचे. आप्पांनी मोबाईल काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

स्क्रीनवर डॉक्टर दिसले तशी आप्पांनी टोपी काढली, रामराम केला आणि मनगट पुढे केलं. स्क्रीनसमोर! डॉक्टर हसले नाहीत, हे मला फार आवडलं. मॅडमने ते मनगट हातात घेऊन नाडी मोजली, मग बीपी बघितलं आणि आकडे सांगितले. मध्येच नेट गेलं, पुन्हा जोडलं. पायाला मुंग्या येतात का, रात्री किती वेळा उठता, हे डॉक्टरांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं असं बरंच त्यांनी उत्तरात सांगितलं. शुगरची गोळी, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आणि डोळे दाखवून घ्या, एवढं ठरलं. गोळ्या तिथेच मिळाल्या.

निघताना मॅडम म्हणाल्या, वय वंदना कार्डही काढून घ्या. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. वय आधारवरचं धरतात. आधारवर आप्पांचा जन्म १ जानेवारीचा आहे, आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांचा असतो तसा, आणि वय ७१. खुद्द आप्पांचा हिशेब वेगळा: १९७२ च्या दुष्काळात ते बायकोसह खडी फोडायला होते आणि तेव्हा त्यांना मिसरूड फुटून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे कार्ड मिळेल, पण पंचाहत्तरीची फुकट एसटी त्या १ जानेवारीपायी अजून लांबच. हे गाऱ्हाणं त्यांनी कार्ड काढणाऱ्या पोरालाही ऐकवलं. तिथे अंगठा लागला नाही. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. चेहरा दाखवून काम झालं, तेही तिसऱ्या खेपेला.

कार्डाची प्रिंट हातात आल्यावर त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. "शिक्का कुठे शे?"

शिक्का लागत नाही, हे पटवायला मला तो अंगठा लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि पटलं असं अजूनही वाटत नाही.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. मुलीने तो आधी पोळपाटाखाली दाबून ठेवला, सपाट केला, मग फोटो काढला. या वेळी एकेक आकडा कागदावर बोट ठेवून मी वाचला आणि तिने मोबाईलवरचा. आमचं होईपर्यंत आप्पा हात पुढे करून बसले होते. कागद मिळाल्याबरोबर त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या आणि बंडीत ठेवला.