उपऱ्यांचा रकाना

नी, नॉट, नॉक या इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीचा ‘के’ उच्चारायचा नाही, मग लिहायचा कशाला? इंग्रजी शिकायला लागलेलं प्रत्येक पोर कधी ना कधी हा प्रश्न विचारतं आणि बहुतेकांना ‘पाठ कर’ एवढंच उत्तर मिळतं. आमच्या इंग्रजीच्या सरांनी मात्र सांगितलं, की तो के पूर्वी चांगला खणखणीत उच्चारत असत. क्नी म्हणजे गुडघा, क्नॉट म्हणजे गाठ, क्नॉक म्हणजे ठोठावणं. साधारण सतराव्या शतकात इंग्रजांच्या तोंडून तो गळाला, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग बरंचसं पक्कं करून टाकलं होतं. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतो. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांचे क्नी फोडत होतो. स्पेलिंगमधला तो के त्यानंतर माझ्या हातून कधी सुटला नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त काय लिहावं म्हणून विचार करू लागलो, तर सरांची ती वहीच डोळ्यांपुढे आली. पाठ्यपुस्तकाबाहेरचा उद्योग होता तो. पानाच्या डोक्यावर फक्त दोन अक्षरं लिहायची आणि त्या अक्षरांनी सुरू होणारे छोटे छोटे शब्द खाली गोळा करायचे. लांबलचक शब्दांना बंदी, कारण ते बरेचदा लॅटिन-फ्रेंचकडून आलेले. पानाच्या मधोमध उभी रेघ. एकमेकांशी अर्थाने जुळणारे शब्द डावीकडे, ते ‘घरचे’. न जुळणारे उजवीकडे, ते ‘उपरे’.

जी-एलचं पान सगळ्यांचं लाडकं, कारण त्यात नुसता उजेड. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिमर, ग्लिटर, ग्लेअर, ग्लॉस. या सगळ्यांपुढे कुणी ‘चमकणे’ लिहिलं की सर लाल पेन्सिलीने खोडत. मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय का, म्हणत. मग आम्ही कामाला लागायचो. ग्लिमर म्हणजे लुकलुकणं, ग्लिटर म्हणजे चमचमणं, ग्लॉस म्हणजे तकाकी, ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झगझगाट आणि डोळे वटारणंसुद्धा. ग्लो म्हणजे ज्वाळा न होता निखारा धगधगतो तसं. ग्लिंटवर बराच वाद झाला आणि शेवटी ‘चमकून जाणं’ यावर तडजोड झाली. खरं सांगायचं तर त्या पानाने मला इंग्रजीइतकंच मराठीही शिकवलं. उजवीकडे ग्लव, ग्लू आणि ग्लॅड होते: हातमोजा, डिंक आणि आनंदी.

एस-एनच्या पानावर नाक. स्निफ हुंगणं, स्नोर घोरणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्निअर नाक मुरडणं, स्नाउट म्हणजे जनावराचं लांबुडकं नाक-तोंड. शिंकेची, म्हणजे स्नीजची, गोष्ट मला फार पुढे वाचायला मिळाली. जुन्या इंग्रजीत हा शब्द एस-एनने नव्हे, एफ-एनने सुरू होत असे. एफ-एनचे शब्द हळूहळू भाषेतून नाहीसे झाले. त्यात जुन्या लिपीतला लांब एस दिसायचाही एफसारखाच. शिंक बिचारी एकटी पडली आणि नाकवाल्यांच्या घरी येऊन राहिली. म्हणजे मुळात तीही उपरीच, पण आमच्या वहीत ती पहिल्या दिवसापासून घरची होती.

टी-डब्ल्यूच्या पानाने टू या शब्दात डब्ल्यू काय करतोय याचा उलगडा झाला. ट्वाइस दोनदा, ट्विन जुळं, ट्वेंटी दोन दशकं, ट्वेल्व्ह म्हणजे दहावर उरलेले दोन, ट्वाइन म्हणजे पेड एकत्र वळून केलेला दोरा. इथे उपरा एकच सापडला होता, ट्वीट. तेव्हा ट्वीट फक्त पाखरंच करत.

सरांची पद्धत प्रत्येक पानावर चालत नसे, हेही लिहायला हवं. एफ-एल म्हणजे उडणं-वाहणं, असं त्यांनी जाहीर केलं. फ्लाय, फ्लो, फ्लोट, फ्लड इथवर ठीक. पण फ्लोअर, फ्लॅट, फ्लेश, फ्लॉवर यांनी उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब होत गेला. त्या पानावर सर जरा ओढूनताणून बोलत, असं मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटतं. उडणं-वाहणं मात्र खरोखर एका रक्ताचं निघालं: संस्कृतात प्लव म्हणजे तरंगणं, आणि मूळचा प इंग्रजीच्या घराण्यात फ झाला. तसाच मूळचा ग तिथे क आणि संस्कृतात ज झाला, म्हणून गुडघ्याच्या ‘नी’चा सोयरा आपल्या ‘आजानुबाहू’तला जानु आणि जाणण्याच्या ‘नो’चा सोयरा ‘ज्ञान’. हे ध्वनिबदलाचे नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडले.

अर्थानुसार शब्दांचे असे घोळके बांधणारे सर पहिले नव्हेत. जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असेच गट केले आहेत. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणणारे वॉलिस ते हेच. पुढे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा जोडअक्षरांना ‘फोनिस्थीम’ असं नाव दिलं. यातले सगळे शब्द एकाच मुळातून आलेले नसतात. काही केवळ सहवासाने एकमेकांसारखे होत जातात.

या वाचनात माझा जीव रमला तो उजव्या रकान्यात. ग्लॅडचा जुना अर्थ ‘तेजस्वी’ असा निघाला, म्हणजे तो मुळात डावीकडचाच. एस-एनच्या पानावरचे स्नेक आणि स्नेल, साप आणि गोगलगाय, हे दोघे ‘सरपटणं’ या एका मुळाचे, म्हणजे उपऱ्यांचंच वेगळं घर. ग्लव आणि ग्लू मात्र अजून उजवीकडेच आहेत. त्यांना ओढून आणायची मला गरज वाटत नाही.

डब्ल्यू-आरचं पान सगळ्यात चोख. सगळं पिळलेलं, वळलेलं, वाकडं. रिंग पिळणं, रिस्ट मनगट, रेथ गुंफलेली माळ, रिंकल सुरकुती, रेसल कुस्तीतली झटापट. चुकीला म्हणतात तो राँगसुद्धा मुळात ‘वाकडा’. या गटाचा हा अर्थ वॉलिसनेही नोंदवला आहे. उपरा कोण, तर लिहिणं, राइट. त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. आपल्या ‘लिख्’चाही मूळ अर्थ तोच आणि लॅटिनमधल्या लिहिण्याचाही तोच. पत्र खरडलं असं आपण म्हणतो आणि भांडंही खरडतो.

सरांच्या वहीत तीन अक्षरांना परवानगी नव्हती. मी ती सवलत घेतली आणि एस-सी-आरचं पान उघडलं: स्क्रॅच ओरखडणं, स्क्रेप खरवडणं, स्क्रब खसखसून घासणं, स्क्रॉल गिचमिड लिहिणं. अर्थाने राइट इथला, पण स्पेलिंग आडवं येतं, त्यामुळे सध्या तो दोन्ही पानांवर उजवीकडेच आहे.