‘सीमेवर तणाव’ म्हणजे कुठल्या सीमेवर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जून 2025 मध्ये पाकिस्तानशी संबंधांवरच्या सर्वेक्षणाची चाचणी फेरी घेतली. प्रश्नावली वरून हिंदीत आलेली, मराठी कुणीतरी घाईत केलेलं. नववा प्रश्न: ‘सीमेवर तणाव असताना शेजाऱ्याशी चर्चा करावी का?’

पहिल्याच घरातले मामा म्हणाले, “चर्चा कसली ओ? 2004 पासून कोर्टात पडलंय की.” प्रश्न विचारणाऱ्या आमच्या मुलीनं ‘चर्चा नको’वर खूण केली. दुपारी फॉर्म तपासताना शेरा वाचला तेव्हा कळलं, मामा पाकिस्तानबद्दल बोललेच नव्हते. इथं सीमा म्हटलं की 1956 च्या राज्यपुनर्रचनेची, महाराष्ट्र-कर्नाटकाची; कोर्टातला वादही तोच.

बारावा प्रश्न त्याहून वाईट: ‘शेजाऱ्याकडे जाणारं नदीचं पाणी अडवावं का?’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात 1960 चा सिंधू करार. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला, रावी, बियास, सतलज आपल्याला; एप्रिल 2025 मध्ये भारतानं तो स्थगित केला. तालुक्यातल्याच कणकुंबीकडच्या माणसाच्या डोक्यात मात्र म्हादई नदी आणि तिच्या पाण्यावरून गोव्याशी असलेला वाद. ‘अडवू नका, रान जाईल’ म्हणणाऱ्या वैनी फॉर्मवर पाकिस्तानला पाणी सोडा म्हणणाऱ्या ठरल्या होत्या.

सगळे फॉर्म बाद केले. दोन्ही प्रश्नांत पाकिस्तानचं नाव घातलं. ‘व्यापार आणि क्रिकेट बंद ठेवावं का’ हा प्रश्न तोडून दोन केले. एकाला हो, दुसऱ्याला नाही म्हणणारा खूण कुठं करणार? पहलगाम हल्ल्याचा प्रश्न चर्चेच्या प्रश्नाआधी होता, त्यामुळे राग पुढच्या उत्तरात उतरायचा. निम्म्या फॉर्मांत क्रम उलटा केला.

माणूस निवडण्यातही घोळ निघाला. नियम असा, की घरातल्या 18 वर्षांवरच्यांपैकी ज्याचा वाढदिवस नुकताच झाला त्याला विचारायचं. पण म्हाताऱ्यांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत 1 जून लावलेली! जूनमध्ये फिरलं तर घरोघरी आजोबाच निघणार. मग वयाप्रमाणे नावं लिहून चिठ्ठी उचलायला लागलो.

पाकिस्तानचं नाव घातल्यावर दुसरीच अडचण. ते ऐकलं की गल्लीतले चौघे कट्ट्यावर येऊन बसत, आणि बाई त्यांच्याकडे बघून उत्तर देत. तेवढ्या प्रश्नांना कागदावर खूण करून पिशवीत टाकायची सोय केली. वाचता न येणाऱ्यांसाठी रंगीत चिठ्ठ्या सुचवल्या गेल्या, त्या मी नाकारल्या. भगवा, हिरवा, कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा. बेळगावात एकही रंग मोकळा नाही. चिठ्ठ्यांवर गोल आणि चौकोन ठेवले.