थेंबांचा हिशेब

चौथीपर्यंत पाटी आणि शिसपेन्सिल. 1973 च्या जूनमध्ये पाचवीत आले आणि वडिलांनी बाजारातून हिरवं, पितळी क्लिपचं शाईचं पेन आणून दिलं. त्या दिवशी मी दहा वेळा तरी टोपण काढलं आणि लावलं असेल. बॉलपेनला आपल्या शाळेत सक्त मनाई होती. त्याने अक्षर बिघडतं, असं मराठीच्या बाई ठामपणे सांगत. आयुष्यभर लिहून झाल्यावर आज माझंही मत तेच आहे. बॉलपेन दाबावं लागतं, त्याने बोटं आखडतात. शाईचं पेन कागदावर टेकवलं की पुरे.

ते पेन ड्रॉपरने भरायचं. शाई तासाच्या मध्येच संपायची, मग शेजारणीकडे थेंब मागायचे. देणारी निब खाली धरून हलके झटके द्यायची, घेणारी पेनाची उघडी नळी उभी धरून मोजायची. दहा थेंबांत एक तास निघे. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर कुणाचे किती थेंब देणं आहे ते मांडलेलं असायचं आणि शनिवारी मी ते चुकते करायचे. डाग पडला तर खडूचा तुकडा टेकवायचा, तो शाई पिऊन निळा होई. निब पुसायला तेल लावलेल्या वेण्या होत्याच. घरी आईची बोलणी खावी लागत, ते वेगळं.

सातवीच्या सहामाहीत इतिहासाच्या पेपरात माझ्या पेनातून भला मोठा थेंब पडला आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं अर्धं उत्तर त्याखाली गेलं. मी रडायलाच लागले. पर्यवेक्षणाला चित्रकलेचे सर होते. त्यांनी टीपकागद दिला, नवी पुरवणी दिली आणि मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. पहिला प्रश्न विचारला, “शाई किती होती गं आत?” अर्धीच होती. मग त्यांनी समजावलं. अर्ध्या रिकाम्या नळीत हवा असते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. “परीक्षेला पेन भरून आणायचं. भरलेलं पेन गळत नाही, अर्धवट भरलेलं गळतं.” वर्गात विज्ञानाचं पुस्तक होतं, पण हवा तापली की प्रसरण पावते हे मला त्या डागामुळे कळलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत मी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहू लागले. अख्ख्या शाळेची बिघडलेली पेनं तिथे येत. सर आधी भिंगातून निबेचं टोक बघत. निब खरखरत असेल तर बहुधा तिच्या मधल्या चिरेच्या दोन बाजू एका पातळीत नसतात. सर नखाने एक बाजू किंचित दाबत, पुन्हा बघत, पुन्हा दाबत. शाई उतरत नसेल तर दाढीच्या ब्लेडचा पातळ तुकडा चिरेतून एकदाच फिरवत. कोमट पाण्यात निब आणि तिच्याखालची, शाई निबेपर्यंत आणणारी जीभ धुऊन काढत. गरम पाणी कधीच नाही. शेवटी कागदावर ‘श्री’ लिहून बघत. मीही आठवीपासून निबा नीट करू लागले.

पुढे बँकेत लेजरवर बसले. ड्राफ्टला कार्बन लागे म्हणून तिथे नाइलाजाने बॉलपेन, बाकी सगळं शाईने. तिथे मला हिरो 616 हे चिनी पेन फार उपयोगी पडलं. त्याच्या निबेचं फक्त टोक बाहेर असतं, त्यामुळे खातेदाराशी दोन मिनिटं बोललं तरी शाई वाळत नाही. ही बनावट मुळात 1941 मध्ये बाजारात आलेल्या पार्कर 51 ची. तेही आज माझ्याकडे आहे, पण रोज हातात घ्यावं असं वाटतं ते एबोनाइटचं पेन. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते हाताला गार लागत नाही आणि त्याची जीभ शाई चांगली धरून ठेवते.

संग्रहात आज त्रेसष्ट पेनं आहेत. त्यांत माझा सर्वांत जीव आहे तो आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम पेनावर. स्वदेशी पेन हवं म्हणून रत्नम यांनी ते घडवलं आणि गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पाठवलं. 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना आभाराचं पत्र धाडलं. आपल्या मुंबईत दांडेकरांनी 1931 मध्ये शाईचा धंदा सुरू केला, त्यातून कॅमलिन उभी राहिली. उंटाचं चित्र असलेली ती दौत आपल्यापैकी कितीजणींनी दप्तरात सांडली असेल!

पेनं कपाटात नुसती ठेवलेली मला आवडत नाहीत. दर महिन्याला चार भरते, बाकीची धुऊन वाळवून ठेवते. शाई आत वाळू देणं हा पेनाचा सर्वांत मोठा छळ आहे. नवीन पेन आलं की अजूनही पहिल्यांदा ‘श्री’च लिहिते आणि सरांच्या ‘श्री’ची वेलांटी अशी वळत होती का, ते आठवून बघते.

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाला येताना दहा पेनं, भिंग, ड्रॉपर आणि रॉयल ब्ल्यूच्या दोन दौती घेऊन येणार आहे. मधल्या सुट्टीच्या वेळेला चित्रकलेच्या वर्गात बसेन. घरात कुणाचं जुनं, बंद पडलेलं पेन असेल तर घेऊन या. सातवीत माझ्याकडून ज्यांचे थेंब द्यायचे राहिले असतील, त्यांनी नळ्याही आणाव्यात.