जिनिंगचा जुना कॉम्प्रेसर: हेड घ्या, टाकी नका घेऊ

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या आपल्या पट्ट्यात जुन्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं, सामान कबाड्याकडे अजूनही निघते. २००० साली केंद्राचं टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन आलं, मग बऱ्याच जिनिंगवाल्यांनी मशिनरी बदलली आणि जुने कॉम्प्रेसर, ब्लोअर शेडच्या मागे गंजत पडले. त्यातलाच एक दोन सिलिंडरचा, टू-स्टेज (हवा दोनदा दाबणारा), बिडाचा कॉम्प्रेसर मी घरच्या वर्कशॉपसाठी उचलला. त्यात हवा दाबणारा वरचा भाग म्हणजे हेड, आणि ती साठवते ती टाकी. शेजारचे काका म्हणे, "काहून बे एवढं लोखंड आणून राह्यला, नवा भेटत नाही का?"

भेटते ना काका. पण बाजारातला छोटा डायरेक्ट कपल्ड (पट्ट्याशिवाय थेट मोटरला जोडलेला) कॉम्प्रेसर २८०० आरपीएमवर किंचाळते आणि मे महिन्यात टिनाच्या शेडखाली थोड्याच वेळात तापून बंद पडते. हा जुना पट्ट्यावर ७००-८०० ला फिरते. मोठा सिलिंडर हवा आधी अर्धवट दाबते, मग ती पंखांच्या नळीतून थंड होऊन छोट्या सिलिंडरात जाते, म्हणून कमी तापते आणि ताकदही कमी खाते.

आता खरी अडचण मोटरची. त्याची मोटर ५ एचपी थ्री फेजची, आणि घरच्या मीटरवर सिंगल फेज. शेतातली थ्री फेज वापर म्हणणारे लय भेटले, पण ते कनेक्शन शेतीचं आहे आणि लाइन आज दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री, त्यावर वर्कशॉप चालते का. मग चक्कीला लावतात तशी ३ एचपी सिंगल फेज मोटर लावली आणि पुली लहान केली. हिशोब सोपा आहे, कॉम्प्रेसरची ताकद साधारण आरपीएमच्या प्रमाणात लागते. फ्लायव्हील, म्हणजे कॉम्प्रेसरचं मोठं चाक, १६ इंची, मोटर १४४० ची, ८ इंची पुलीवर ७२० आरपीएम येत होते, ५ इंचीवर ४५० येतात. पूर्ण प्रेशरला ३ एचपी थोडी कमीच पडते, पण मी कट-ऑफ ७ बारलाच ठेवला, म्हणजे टाकीत तेवढं प्रेशर झालं की मोटर आपोआप बंद. त्याहून स्लो करू नका बरं का, आत ऑइल उडवणारा चमचा असते, स्पीड पडला की सिलिंडरला ऑइलच पोचत नाही.

फ्लायव्हीलच्या आऱ्या पंख्यासारख्या वाकवलेल्या असतात, त्या हवा सिलिंडरवर फेकतात. उलटा फिरवला तर कॉम्प्रेसर हवा भरते, पण थंड होत नाही, आणि हे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. बाण पाहून मोटरची दिशा ठरवा.

हेड खोललं तर फिन्समध्ये (थंड करणाऱ्या पंखांमध्ये) रुई आणि ऑइलचा थरच्या थर, डिझेल आणि ब्रशने सगळं काढलं. व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर काळा कार्बन होता, प्लेट काचेवर ग्राइंडिंग पेस्ट टाकून घासली. तांब्याचे गॅस्केट फेकू नका, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की परत नरम होतात. ऑइल कॉम्प्रेसरचंच टाका, ट्रॅक्टरच्या इंजिनचं नको, त्याने व्हॉल्व्हवर कार्बन जमते.

टाकीवर मात्र मी कोणाचंच ऐकलं नाही. कबाडी म्हणे, "भाऊ, जाड पत्रा आहे, ठोकून पहा." बाहेरून ठोकून काय समजते? हवेतलं पाणी तळाला साचते आणि गंज आतून खाते, वरचा कलर चकाचक राहते. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या टाकीच्या एका तोंडावर ७ बारला जवळपास ११ टन जोर बसते, आणि फाटली तर दबलेली हवा एका झटक्यात सुटते. जुनी वापरायचीच असेल तर पूर्ण पाण्याने भरून, हवा अजिबात न ठेवता, चालवायच्या प्रेशरच्या दीडपट टेस्ट जाणकाराकडून करून घ्या. पाणी दबत नाही, म्हणून टेस्टमध्ये फुटली तरी पाणी गळून जाते, गोळा उडत नाही. मी टेस्ट सर्टिफिकेटवाली नवी टाकी घेतली, सेफ्टी व्हॉल्व्हही नवा. खर्च यातच जास्त झाला आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. जुन्या टाकीला चीर पाडून तिचं भुसाच्या शेगडीचं ड्रम केलं.

लाइनसाठी शेतातला पीव्हीसी पाइप तर अजिबात नको, फुटला की त्याचे काचेसारखे तुकडे उडतात. जीआय पाइप थोड्या उतारावर टाका, कनेक्शन पाइपच्या वरच्या बाजूने काढा म्हणजे पाणी हवेच्या गनमध्ये येत नाही. पावसाळ्यात तर रोज संध्याकाळी ड्रेन कॉक उघडायचाच, कपभर पाणी सहज निघते.

उन्हाळ्यात व्होल्टेज १८० वर येते तेव्हा भरलेल्या प्रेशरवर मोटर उचलत नाही, फक्त गुणगुणते. म्हणून टाकीच्या तोंडाशी एनआरव्ही (हवा उलटी न येऊ देणारा व्हॉल्व्ह) आणि प्रेशर स्विचला अनलोडर पाहिजेच, बंद झाल्यावर लाइनमधली हवा फुस्सकन सुटली पाहिजे. आता ट्रॅक्टरच्या चाकाचे नट, कल्टिव्हेटरचा कलर, थ्रेशर साफ करणं सगळं यावरच चालते.

त्याच कबाड्याकडून कापूस ओढायचा एक ब्लोअरही आणला आहे, सुताराच्या भुशासाठी. त्याचा हिशोब एकदम वेगळा, पंख्याचा स्पीड अर्धा केला की ताकद आठव्या हिश्शावर येते, म्हणजे मोठा ब्लोअर स्लो चालवला तर १ एचपीतही भागू शकते. बेअरिंग गेलेली आहे त्याची, भेटली की बसवून सांगतो.