सेमिनरी हिल्सवर कोळी ओढणारी गांधीलमाशी: कधी जायचं, कुठं पाहायचं

नागपुरात कोणाला कीटकबिटक पाहायचे म्हटलं की लोक डायरेक्ट पेंच नाही तं ताडोबाचं बुकिंग करतात, पण कोळ्याची शिकार करणारी गांधीलमाशी पाहायला सेमिनरी हिल्स भल्लं पुरून उरते. पावसाळा सरल्यावर एका रविवारी सकाळी भाचीला घेऊन गेलो होतो, तिला कोळी आवडतात, मले कोळी खाणारे, त्यामुळे आमचं जमतं.

पहिलं म्हणजे वर उडणाऱ्या माश्यांच्या मागं लागू नका. ही जमिनीवर पायी हिंडते, तुरूतुरू पळते, थांबते, पंख झटकते, मिशा सारख्या थरथरत असतात, पुन्हा पळते, दगडाच्या फटीत घुसते, बाहेर येते. एकदा ही चाल डोळ्यात बसली की लांबूनही ओळखू येते. आम्ही पाहिली ती टॅकीपॉम्पिलस अ‍ॅनालिस, काळं अंग, पोटाचं टोक विटकरी लाल, पंख काळेच पण ऊन पडलं की निळे-जांभळे चमकतात, लांबी दोन सेंटीमीटरच्या आसपास. भारतापासून थेट जपानपर्यंत सापडते. हिच्या कुळात म्हणजे पॉम्पिलिडीत जगभरात ५,००० च्या जवळपास जाती आहेत आणि सगळ्यांचा डोळा कोळ्यावरच.

घरात खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर करते ती कुंभारीण वेगळी बरं का, पुष्कळ जण दोघींची गल्लत करतात. कुंभारीण एकेका खोलीत बारके बारके बरेच कोळी कोंबते, ही मात्र एका पिल्लामागं एकच कोळी आणते आणि तोही तगडा.

तगडा म्हणजे किती, तं रस्त्याच्या कडेच्या दगडी भिंतीशी भाची ओरडली, "मामा, थे पाहा नं, कोळी उलटा चालून राहिला!" कोळी चालत नव्हता, माशी त्याला पायाच्या बुडाशी धरून स्वतः मागं मागं सरकत ओढून राहिली होती. घरात रात्री झुरळांमागं पळतो तो चपटा मोठा शिकारी कोळी, जाळं न विणणारा, पायांसकट मोजला तं जवळपास माझ्या तळहाताएवढा. अर्ध्या वाटेत तिनं तो गवताच्या बुडाशी टाकला अन् गायब. भाचीला वाटलं सोडून गेली. नाही, ती बीळ तपासायला जाते, म्हणून इथं हलायचं नाही, कोळ्याला हात लावायचा नाही, जागच्या जागी बसून राहायचं. तेवढ्यात मुंग्या जमायला लागल्या अन् एक बारकी करडी माशी येऊन घिरट्या घालायला लागली, या करड्या माश्या अशा शिकारीवर आपल्या अळ्या सोडून देतात म्हणजे मेहनत एकीची अन् पोट भरते दुसरीचं. आमची आली, मुंग्या हुसकावल्या, कोळी उचलून उभ्या भिंतीवर चढवला, फटीत नेला. बऱ्याच वेळानं एकटीच बाहेर आली आणि खडे, वाळकी पानं, धूळ, जे मिळेल ते ओढून तोंड बुजवत बसली.

आत काय होतं ते भाचीला सांगितलं तं ती म्हणे, "इईई, सांग ना अजून." कोळी मेलेला नसतो, माशी त्याच्या पोटाखालच्या बाजूनं, पाय जिथं जुळतात त्या भागात नांगी मारते, तिथं मज्जातंतूंचा गोळा असतो, त्यानं तो लुळा पडतो. मग त्याच्या पोटावर एकच अंडं. अळी निघाली की कोळ्याला हळूहळू खाते आणि ज्यानं जीव जाईल ते अवयव शेवटाला ठेवते, म्हणजे मटण शेवटपर्यंत ताजं, फ्रिजची गरज नाही. मोठी शिकार असली की बहुतेक मादीचं अंडं, लहानीवर नराचं. हे सगळं पोरांसाठीच, माशी स्वतः फुलातल्या मधावर जगते. कोथिंबीर, बडीशेप, शेपू फुलावर आले की गच्चीवरही येते, कुंडीतली कोथिंबीर कधी फुलू देऊन पाहा.

चावते का, हे तिथल्या चौकीदार काकांनीही विचारलं ("काही हरवलं का भाऊ?" पासून सुरुवात झाली होती). मुठीत धराल तं मारेल, आणि जोरात मारेल, बाकी तिला तुमच्याशी काही घेणं नाही, पोळं राखायचं नसल्यामुळे अंगावर येत नाही. नराला तं नांगीच नसते. अमेरिकेत हिची मोठी बहीण आहे, टॅरंटुला मारणारी पेप्सिस, तिचा डंख कीटकांतल्या सगळ्यात वाईट डंखांत धरतात, तरी न्यू मेक्सिकोनं १९८९ मध्ये तिला राज्य कीटक केलं, कौतुक आहे बाप्पा.

जाणाऱ्यांसाठी: सप्टेंबरची झड थांबल्यापासून नोव्हेंबरपर्यंत जा, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तुम्हीच लुळे पडाल. जुन्या दगडी भिंतींचं बूड, मुरमाचा मोकळा उतार, उखडलेल्या पायऱ्या या जागा सोडू नका, दाट झाडीत कमी दिसते. दुर्बीण घरी ठेवा, मोबाइल चालतो, पण चार-पाच फूट लांब राहा आणि सावली तिच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की कोळी टाकून पळते. बूट घाला, विंचवामुळे दगड उलटे करू नका. मॉर्निंग वॉकवाल्यांना हात करून बाजूनं जायला सांगा, ऐकतात. बागांमध्ये शिरायचं असेल तं वेळ अन् तिकीट आधी विचारून घ्या, आम्ही रस्त्याच्या कडेलाच सगळं पाहिलं. अन् तर्री पोहे नंतर खा, भिंत तापायला लागते तीच तिची निघायची वेळ आणि त्याच वेळी तुम्ही ठेल्यासमोर लाइनीत उभे असता.