तुम्ही विचारलंत म्हणून: ही कॉलेजची पोरं कशाला बघायची?

“काकू, बास्केटबॉलच बघायचा तर एनबीएसारखी व्यावसायिक लीग सोडून तुम्ही ही कॉलेजची पोरं काय बघत बसता?” ऑगस्टमध्ये पर्ड्यूला एमएस करायला आलेली मुलं हे विचारतात. मग त्यांचे पुण्या-नाशिकचे आईवडील व्हिडिओ कॉलवर विचारतात, आणि गणपतीच्या जेवणात शेजारच्या खुर्चीवरचं कुणी ना कुणी विचारतंच. यंदा प्रश्नाला शेपूटही फुटलंय: “तुमचा संघ म्हणे पहिल्या नंबरवर आहे, मग या वेळी तरी जिंकणार का?” दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. २०२५-२६ चा हंगाम सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत, एकदा सुरू झाला की मला सवड मिळायची नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

पर्ड्यू विद्यापीठ इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेटला. मध्ये वाबाश नदी, अलीकडे आमचं लाफायेट, आणि भोवताली नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. व्यावसायिक संघ बघायचा तर इंडियानापोलिसपर्यंत तासभर गाडी हाकायची. नोव्हेंबरपासून साडेपाचलाच अंधार पडतो, वारा हाडं गोठवतो, आणि मार्चपर्यंत गावात दुकानदारापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे एकाच विषयावर बोलतात. १३ ऑक्टोबरला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची कॉलेज संघांची हंगामपूर्व क्रमवारी आली, त्यात पर्ड्यू पहिलं. मागे ह्यूस्टन, गतविजेतं फ्लोरिडा, यूकॉन (म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ). हंगामाच्या आधी पर्ड्यूला पहिला नंबर मिळण्याची ही इतिहासातली पहिलीच वेळ. आणि मार्चची राष्ट्रीय स्पर्धा पर्ड्यूने आजवर एकदाही जिंकलेली नाही. १९६९ आणि २०२४, दोनदा अंतिम सामना गाठला, दोनदा हरले.

पुण्यात कॉलेज केलेल्यांना मी पुरुषोत्तम करंडकाची आठवण करून देते. भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजची एकांकिका असली की ज्याला नाटकातलं ओ की ठो कळत नाही तोही घसा बसेपर्यंत ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणून ओरडतो. कारण स्टेजवरचा तो मुलगा परवापर्यंत कँटीनमध्ये आपल्या शेजारी बसून उधारीचा चहा पीत होता, आणि दोन वर्षांनी पास होऊन निघून जाणार आहे. व्यावसायिक नाटक जास्त सफाईदार असतं, कबूल. पण तिथे आपण तिकीट काढून गेलेलं गिऱ्हाईक असतो.

मॅकी अरीनामध्ये, म्हणजे पर्ड्यूच्या स्टेडियममध्ये, हेच, फक्त पंधरा हजारांच्या आसपास माणसं आणि वर घुमट. आवाज बाहेर पडत नाही, छताला आपटून परत डोक्यावर कोसळतो. पाहुण्यांचा प्रशिक्षक तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडतो, आणि वीस फुटांवरचा त्याचाच खेळाडू कानाला हात लावून ‘काय?’ म्हणतो. एका बाजूने ‘बॉयलर अप’ ही आमची आरोळी आली की दुसरीकडून ‘हॅमर डाऊन’ जायलाच हवं. आमचं हाडवैर असलेल्या इंडियाना विद्यापीठाच्या नावाने शिमगा तर दर सामन्यात होतो, मग त्या दिवशी समोर इंडियाना असो की आणखी कुणी. (नव्या मुलांना वाटतं, आपण चुकीच्या सामन्याला आलो.) १९६७ मध्ये हे स्टेडियम उघडलं तेव्हा पहिला सामना लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाशी ठेवला होता. त्यांचे प्रशिक्षक जॉन वुडन, म्हणजे पर्ड्यूचेच माजी विद्यार्थी. पर्ड्यू दोन गुणांनी हरलं. शुभारंभच असा असेल तर पुढे काय बोलायचं!

पण गोंगाटासाठी मी बघत नाही. गोंगाट एनबीएतही असतो. मी बघते ते अठराव्या वर्षी आलेलं पोर बाविसाव्या वर्षी काय होतं ते. यंदाच्या संघाचा कणा असलेले तिघंही याच राज्यातले, आणि तिघंही पहिल्यापासून इथलेच.

ब्रेडन स्मिथ वेस्टफील्डचा, म्हणजे इथून तासाभरावरचा. उंची जेमतेम सहा फूट. या खेळात सहा फूट म्हणजे बुटका, त्यामुळे शाळेत असताना मोठमोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं वळून पाहिलं नव्हतं. फ्लेचर लॉयर फोर्ट वेनचा, नेमबाज. आणि ट्रे कॉफमन-रेन दक्षिणेच्या टोकाचा, सेलर्सबर्गचा. मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ट्रेची. तो २०२१ मध्ये आला आणि पहिलं अख्खं वर्ष सामन्यात उतरलाच नाही, नुसता सराव. पुढची दोन वर्षं तेव्हाचा आमचा हुकमी उंच खेळाडू झॅक एडी याच्या सावलीत. आणि गेल्या हंगामात सामन्यामागे सरासरी २०.१ गुण, पर्ड्यू ज्या गटात खेळतं त्या बिग टेन परिषदेतल्या अव्वल खेळाडूंमध्ये. हे सगळं आम्ही बसल्या जागेवरून, दर हिवाळ्यात थोडं थोडं पाहिलंय.

ट्रे आणि ब्रेडनची जोडी बघायला बसलात तर चेंडूकडे बघू नका, ब्रेडनच्या पाठीकडे बघा. ट्रे वर येऊन आडवा उभा राहतो. ब्रेडन त्याच्या खांद्याला खांदा घासून पुढे सरकतो, त्याला चिकटलेला बचावपटू मागे अडकतो. इथे बहुतेक खेळाडू बास्केटकडे धाव घेतात. हा पठ्ठ्या थांबतो. मागच्याला पाठीवर तसाच धरून एक-दोन ड्रिबल टाकत चालल्यासारखा पुढे जातो. आता समोरच्या उंच बचावपटूची पंचाईत होते: ब्रेडनवर जायचं की मागे सरत ट्रेला सांभाळायचं? त्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं रे टाकलं की चेंडू त्याच्या कमरेजवळून टप्पा घेत ट्रेच्या हातात, आणि ट्रे आठ-दहा फुटांवरून एका हाताने तो अलगद वर सोडतो. तो उंच बचावपटू मागेच राहिला तर ब्रेडन स्वतः थांबून मारतो. कोपऱ्यातला गडी मदतीला धावला तर बाहेर लॉयर मोकळा. साधं काम आहे, गेली दोन वर्षं सगळ्या संघांना माहीत आहे, तरी अडवता येत नाही, कारण नेमकं कधी थांबायचं हे त्या सहाफुट्याला कळतं. गेल्या मोसमात त्याचे सामन्यामागे ८.७ असिस्ट (म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास) होते. आजवरचे मिळून साडेसातशेच्या वर. ड्यूक विद्यापीठाच्या बॉबी हर्लीने १९९३ मध्ये १,०७६ चा विक्रम केला. धडधाकट राहिला तर हा पोरगा तो यंदा मोडेल असं माझं मत आहे.

आता या पोरांनी काय काय सोसलंय तेही ऐका. मार्चच्या स्पर्धेत एक सामना हरलात की घरी. सात सामन्यांची मालिका वगैरे लाड नाहीत. २०२३ मध्ये ब्रेडन आणि लॉयर पहिल्या वर्षाला होते, संघाला पहिलं मानांकन, मध्ये ७ फूट ४ इंचांचा एडी. समोर सोळावं, म्हणजे सगळ्यात खालचं मानांकन मिळालेलं फेअरली डिकिन्सन, देशातल्या पहिल्या श्रेणीतला सर्वांत बुटका संघ. पर्ड्यू ६३-५८ ने हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही दुसरीच वेळ होती, देशभर नाचक्की झाली. बरं, त्याच्या आदल्याच वर्षी पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने दणका दिला होता. पुढच्या वर्षी तोच एडी, तेच लॉयर-स्मिथ परत आले आणि थेट अंतिम सामन्यात गेले. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध एडीने ४० गुण ठोकले, त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले. अंतिम सामन्यात यूकॉनने ७५-६० ने लोळवलं ते सोडा.

आणि या मार्चमधलं ह्यूस्टन. सामना इंडियानापोलिसला, म्हणजे जवळजवळ घरचाच. दहा गुणांनी मागे पडलेला संघ बरोबरीला आला, ६०-६०. ब्रेडनचे १५ असिस्ट. उरले दोन-अडीच सेकंद, चेंडू ह्यूस्टनकडे, आमच्या बास्केटखालून आत टाकायचा. सगळ्यांचे डोळे बाहेरच्या नेमबाजांवर. मिलोश उझानने चेंडू आत टाकला आणि स्वतःच मैदानात पाऊल टाकलं. चेंडू टप्पा घेऊन परत त्याच्याच हातात. बास्केटखाली त्याच्याजवळ कुणी नव्हतं. ६२-६०, घड्याळात ०.९ सेकंद. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्यानंतर हे तिघं दुसरीकडे गेले असते तर कुणी दोष दिला नसता.

जाणं आता सोपंही आहे. २०२४ पासून खेळाडूने कितीही वेळा विद्यापीठ बदललं तरी वर्ष वाया जात नाही. अभ्यासात पास असला म्हणजे झालं. नाव, चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायला २०२१ पासूनच मुभा आहे, आणि या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे दर वसंतात अर्धाअधिक संघ मोडतो आणि नवा बांधला जातो. काही प्रशिक्षकांना नोव्हेंबरात स्वतःच्या पोरांची ओळख करून घ्यावी लागत असेल.

पोरांना पैसे मिळतात याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, हे स्पष्ट सांगते. नुसत्या मार्चच्या स्पर्धेचे टीव्ही हक्क अब्जावधी डॉलरना जातात, प्रशिक्षक लाखोंनी कमावतात, आणि घाम गाळणाऱ्याने मात्र शिष्यवृत्तीवर समाधान मानावं, हा कुठला न्याय? एडीचंच घ्या. तो टोरांटोचा, म्हणजे परदेशी, म्हणजे विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा. सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, मॅकीत त्याच्या नंबराचे शर्ट घातलेले लोक जागोजागी, पण इथे बसून जाहिरातीचे पैसे घ्यायचे तर व्हिसाच्या अटी आडव्या. संघातल्या राखीव पोरांना जे जमत होतं ते याला जमत नव्हतं. आमची मराठी मुलं, जी कॅम्पसबाहेर तासभर काम करायलाही भितात आणि ओपीटीच्या (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीच्या) तारखा पाठ करून झोपतात, त्यांना हे कळलं तेव्हा एडी एकदम घरचा वाटायला लागला. “काकू, हा पण आपल्यातलाच की!” दोन इंच कमी साडेसात फुटांच्या माणसाला!

तर माझं भांडण पैशाशी नाही. मला ओळखीची पोरं लागतात, एवढंच. पर्ड्यू सोवळ्यात आहे असंही समजू नका. ऑस्कर क्लफ नावाचा आडदांड ऑस्ट्रेलियन साउथ डकोटा स्टेटहून आणलाच आहे, आणि आणायलाच हवा होता. एडी गेल्यापासून बास्केटखाली नुसतं मोकळं रान होतं, कुणीही यावं आणि टाकून जावं. सव्वासात फुटांहून उंच डॅनियल जेकबसन तिथे उभा राहणार होता, पण गेल्या मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. तो आता परत येतोय. मात्र मॅट पेंटर यांची पद्धत मुळातली आहे: शाळेतून पोर उचलायचं, थांबायला लावायचं, घडवायचं. ते स्वतः इथे खेळले, २००५ पासून इथले प्रशिक्षक आहेत. अशी पद्धत दहा वर्षांनी कुणाकडे उरेल असं मला वाटत नाही. म्हणून यंदाचा हंगाम मी जास्तच डोळे भरून बघणार आहे.

आता शेपटाकडे येते. जिंकणार का?

हंगामपूर्व पहिल्या नंबराला फार किंमत देऊ नका. २०२२ मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनाला मिळाला आणि ते मार्चच्या स्पर्धेतही पोचले नाहीत. पुढची दोन्ही वर्षं कॅन्ससला मिळाला, एकदा दुसऱ्या फेरीत गारद, एकदा पहिल्याच. पहिल्या नंबरावर सुरुवात करून मार्चची स्पर्धाही जिंकलेला शेवटचा संघ २००९ चा नॉर्थ कॅरोलायना. आणि परवाच २४ ऑक्टोबरला केंटकीने सरावाच्या सामन्यात आम्हाला ७८-६५ ने धुतलं. दुसऱ्या दिवशी गावात सुतकी चेहरे. सरावाचा सामना होता हो! मोजणीतसुद्धा धरत नाहीत.

मला काळजी वेगळीच आहे. बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत, पार लॉस एंजेलिस-सिॲटलपर्यंत. प्रवासाने पोरं पिळून निघतात, आणि ब्रेडनला विश्रांती देता येत नाही, तो बाकावर बसला की खेळच अडतो. त्याचे पाय फेब्रुवारीत कसे आहेत ते मला सांगा, मी एप्रिलचं सांगते. १३ नोव्हेंबरला अलाबामाकडे जायचंय, ती धावपळ करणारी मंडळी. त्या दिवशी बचाव कितपत सुधारलाय ते कळेल. ६ डिसेंबरला आयोवा स्टेट मॅकीत येतंय. तिकीट मिळालं तर नवख्यांनी तोच सामना बघावा. लवकर निघा, पार्किंग लांब मिळतं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत मला नियम विचारू नका.

अंतिम चार संघांचे सामने यंदा इंडियानापोलिसलाच आहेत, ४ आणि ६ एप्रिलला. ह्यूस्टनने रडवलं त्याच ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये. माझा अंदाज विचाराल तर तिथवर जातील. तिथे फ्लोरिडा आलं तर बरोबरीची झुंज होईल, यूकॉन आलं तर जुना हिशेब चुकता करायचाय. ह्यूस्टन तेवढं दुसऱ्या कुणीतरी आधीच हरवावं.