'कृपया योग्य नाव टाका' : एका फॉर्मचा आणि कऱ्हाडे काकांचा अनुभव

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचा रजिस्ट्रेशन फॉर्म मी फुकटात करून दिला आणि त्यातल्या नावाच्या एका बॉक्सने माझ्या तीन रात्रींच्या झोपेचं खोबरं केलं. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून ठेवतोय. शाळा सातारा जिल्ह्यातली, मी पुण्यात फ्रीलान्सिंग करतो, पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि थोडंफार जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी). सरांचा फोन आला, "अरे, एक छोटा फॉर्म करून दे रे, नाव, बॅचचं साल, मोबाईल, जेवायला किती जण, बास." सरांना नाही म्हणायची हिंमत दहावीत नव्हती ती आता कुठून येणार.

होस्टिंग, डेटाबेस, पेमेंटची लिंक, सगळं एका रविवारी झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अट एकच होती, नाव मराठीतच हवं कारण तेच बॅजवर छापायचं. आणि मी काय केलं, तर जुन्या प्रोजेक्टमधला नावाचा रेजेक्स (बॉक्समध्ये कुठली अक्षरं चालतील ते ठरवणारा नमुना) उचलून चिकटवला, इंग्रजी ए टू झेड आणि स्पेस. पहिल्या तासात सतरा जणांचे स्क्रीनशॉट, सगळ्यांवर लाल अक्षरात 'कृपया योग्य नाव टाका'. हा गाढवपणा माझाच, त्याबद्दल वाद नाही.

मग शोधून सापडलं की बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात एल लिहिलं की जगातल्या कुठल्याही लिपीचं अक्षर चालतं. (जावास्क्रिप्टमध्ये त्याला यू फ्लॅग, म्हणजे रेजेक्सच्या शेवटी u, लावायला विसरू नका, नाहीतर ते एरर पण देत नाही, खरोखरचं पी आणि एल शोधत बसतं.) लावलं, टेस्ट म्हणून 'कमल' टाकलं, पास. 'मदन' पास. खूश होऊन झोपलो. सकाळी बघतो तर राम नापास, सीता नापास, अख्खं रामायण नापास! कारण काय, तर युनिकोडच्या (जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कोड देणाऱ्या मानकाच्या) हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही 'अक्षरं' नाहीतच, ती 'मार्क' या वेगळ्या गटात आहेत. कमल आणि मदनला काना-मात्रा नाही म्हणून ते सुटले. तेव्हा एलच्या जोडीला एम पण लिहायचं. मराठी नावासाठी रेजेक्स करत असाल तर टेस्टला 'कमल' घेऊ नका एवढं लक्षात ठेवा.

एम टाकल्यावर गाडी सुरळीत चालली, दोन दिवसात दीडशे नावं आली. आणि मग कऱ्हाडे काका आले.

काका १९७९ च्या बॅचचे, रिटायर्ड, आवाज खणखणीत. फोनवर पहिलंच वाक्य, "अरे, सात पिढ्या हे आडनाव लावतोय आम्ही, तुझ्या वेबसाईटला ते योग्य वाटत नाही होय?" मी म्हटलं, काका, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. आडनाव बरोबर, एक काना इकडचा तिकडे नाही. मी स्वतः माझ्या लॅपटॉपवर कऱ्हाडे टाइप केलं, पास. काकांना म्हटलं परत टाकून बघा, नापास. नाव खोडून, फोन बंद करून, चालू करून, ब्राउझर बदलून, नापास. वैतागून म्हटलं, काकूंच्या फोनवरून करून बघता का? काकूंच्या फोनवरून पास! काका म्हणाले, "म्हणजे तिचं कऱ्हाडे खरं आणि माझं खोटं?" यावर मी काय बोलणार.

दोन रात्री मी चुकीच्या जागी खोदत होतो. आधी वाटलं सुरुवातीला-शेवटी स्पेस येत असेल, ट्रिम केलं, फरक नाही. मग वाटलं जुना ब्राउझर असेल. मग वाटलं कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं पान. (आपलं ठरलेलंच असतं, काही कळेना की कॅशवर ढकलायचं.) तोवर सरांचा रोज सकाळी मेसेज, "कऱ्हाडेंचं झालं का रे?" शेवटी काकांना सांगितलं की नुसतं आडनाव व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा, फोटो नको. ते कॉपी करून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून बघायच्या खिडकीत) टाकलं आणि लांबी मोजली. माझं कऱ्हाडे सात. काकांचं कऱ्हाडे आठ. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखी, भिंग लावून बघा, आणि एक सात आणि एक आठ.

एकेक कॅरेक्टर सुटं करून छापल्यावर उलगडा झाला. आपला तो अर्धा र, 'दुसऱ्या'तला, 'गोऱ्हे'तला, तो लिहायच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे एक न दिसणारं कॅरेक्टर घालतात, झिरो विड्थ जॉइनर, कोड २००डी. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. पण हा जॉइनर अक्षर पण नाही आणि मार्क पण नाही, त्याचा गटच तिसरा, 'फॉरमॅट'. म्हणजे माझ्या एल आणि एमच्या चाळणीत तो अडकणारच. बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटलं, की त्यापेक्षा देवनागरीचा सरळ पट्टाच द्यावा, ०९०० ते ०९७एफ. त्यात पण जॉइनर नाही, तो पार दुसरीकडे राहतो. शिवाय त्या पट्ट्यात दंड आणि मराठी आकडे पण येतात, म्हणजे नावात '५' टाकला तरी पास.

आता कारण सापडल्याच्या आनंदात मी जे केलं ते या सगळ्यातलं सगळ्यात वाईट काम. मी म्हटलं, न दिसणारी कॅरेक्टर्स आहेत ना, सर्व्हरवर आल्या आल्या सगळी उडवून टाकू, कुणाला कळणार पण नाही. एक ओळ लिहिली. काकांचा फॉर्म गेला, काका खूश, सर खूश, मी चहा प्यायलो. मेळाव्याच्या चार दिवस आधी बॅज छापून आले आणि त्यावर 'कर्हाडे'. रफार! जॉइनर काढला की र आणि हलन्त उरतो आणि पुढच्या ह च्या डोक्यावर रफार जाऊन बसतो. गोऱ्हेंचं पण तेच, कुऱ्हाडेंचं पण तेच, पण ज्यांच्या फोनचा कीबोर्ड दुसरा होता त्यांची नावं बरोबर. दोन सख्खे भाऊ, एकाच्या बॅजवर कुऱ्हाडे आणि दुसऱ्याच्या कुर्हाडे. काकांना आधी फॉर्मने निदान तोंडावर नाही म्हटलं होतं, आता मी त्यांचं नावच परस्पर बदलून टाकलं. अकरा बॅज माझ्या खिशातून परत छापले.

तर बरोबर उपाय असा, र, हलन्त, जॉइनर अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा, म्हणजे सगळ्यांचं नाव एकाच रीतीने साठतं आणि शोधताना पण सापडतं. नाहीतर काकूंनी केलेलं आणि काकांनी केलेलं रजिस्ट्रेशन डेटाबेसला दोन वेगळी आडनावं वाटतात. बाकीचे जॉइनर राहू द्यायचे, रेजेक्समध्ये त्यांना परवानगी द्यायची. मला कुणीतरी सांगितलं की नॉर्मलायझेशन कर, एनएफसी, सगळं सुटेल. नाही सुटत. एनएफसी म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या कोडने लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणं. ते र आणि खालचा नुक्ता जोडून ऱ करून देतं, पण जॉइनरला हात लावत नाही. तसंच आमच्या एका वकील साहेबांच्या 'ॲड.'चं, तो ॲ एका कोडचा पण असतो आणि अ वर चंद्र देऊन दोन कोडचा पण असतो, एनएफसीला ते दोन्ही वेगळेच. (आणि हो, टिंब. 'ॲड.' आणि 'डॉ.' साठी टिंबाला परवानगी ठेवा, डॉक्टर लोक लगेच चिडतात.)

लांबीवरून आठवलं, हे आधी सांगायला हवं होतं. पीएचपीचं लांबी मोजायचं साधं फंक्शन, स्ट्रलेन, बाईट मोजतं, अक्षरं नाही, आणि देवनागरीचा एकेक कोड यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या रीतीत) ३ बाईटचा. नुसता 'ज्ञानेश्वर' ३० बाईट होतो. मी मर्यादा ५० ची ठेवली होती, म्हणजे ज्ञानेश्वर नावाच्या माणसाने वडिलांचं नाव लावायचंच नाही. एमबी वालं फंक्शन, एमबी_स्ट्रलेन, वापरा, ते बाईट नाही, कोड मोजतं.

बॅचच्या सालाचा किस्सा पण मजेशीर आहे. एका ताईंनी '१९८७' मराठी आकड्यात टाकलं. रेजेक्समध्ये आकड्यासाठी बॅकस्लॅश डी लिहितात. जावास्क्रिप्टमधला बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, पण त्या बॉक्सला मी ब्राउझरमध्ये चेकच लावला नव्हता. पीएचपीत यू फ्लॅग लावला की तोच बॅकस्लॅश डी मराठी आकडे पण पास करतो, त्याने केले. मग पुढे इंटिजर (पूर्णांक) करताना पीएचपीला मराठी आकडा कळेना, त्याने शून्य धरला. यादीत ताईंची बॅच 'सन ०', म्हणजे शाळेच्याच काय, शालिवाहनाच्याही आधीची. आता मी आकडे आले की आधी इंग्रजीत बदलतो आणि मगच तपासतो, माणसाला सांगत बसत नाही की कीबोर्ड बदला. मोबाईल नंबरचं पण तसंच, स्पेस, डॅश, पुढचं +९१ किंवा शून्य आपण काढायचं, उरलेले दहा आकडे ६ ते ९ ने सुरू होतात का बघायचं, झालं. बॉक्स नंबर टाइपचा ठेवू नका, त्यात 'ई' पण चालतो, टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोड न्यूमेरिक द्या म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो.

सर्व्हरवर चेक नसेल तर वरचं सगळं पाण्यात. जेवणाच्या बॉक्सला मी ब्राउझरमध्ये किमान १ ठेवलं होतं आणि सर्व्हरवर काहीच नाही. एका पठ्ठ्याने डेव्हलपर टूल्स उघडून किमानची अट काढली आणि वजा ३ ताटं नोंदवली, एकूण रक्कम पण वजा. आचाऱ्याच्या यादीत तीन ताटं कमी. तो माझाच भाचा निघाला, बारावीला आहे, आणि वर मलाच म्हणतो, "मामा, बेसिक आहे हे."

अजून एक, एचटीएमएलच्या पॅटर्नमध्ये (बॉक्सला थेट लावायच्या रेजेक्समध्ये) चौकटी कंसाच्या आत मोकळा डॅश असेल तर नवीन क्रोम तो पॅटर्नच चुकीचा धरतो आणि काही न तपासता फॉर्म सोडून देतो, कन्सोल उघडला तरच कळतं. डॅशच्या आधी बॅकस्लॅश द्या. आणि 'मनोगत'च्या बॉक्सला स्ट्रिप टॅग्ज (एचटीएमएलचे टॅग काढून टाकणारं पीएचपीचं फंक्शन) लावू नका. एकीने शाळेबद्दल चार ओळी लिहून मध्ये बदामासाठी लेस दॅन आणि तीन (<3) टाकलं, फंक्शनला तो टॅगच वाटला आणि बदामापासून पुढचं सगळं मनोगत गायब. जसं आलं तसं साठवायचं, डेटाबेसमध्ये घालताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवायची रीत), आणि पानावर दाखवताना एस्केप करायचं, म्हणजे लेस दॅनसारखी चिन्हं टॅग न होता तशीच दिसतात.

एरर आल्यावर भरलेला फॉर्म रिकामा होत असेल तर ते मात्र आधी दुरुस्त करा. काकांनी पूर्ण फॉर्म नऊ वेळा भरला होता, हे मला मेळाव्यात जेवताना कळलं, तेही त्यांनी नाही, काकूंनी सांगितलं. 'कृपया योग्य नाव टाका' हे वाक्य त्याच रात्री काढलं, आता कुठलं कॅरेक्टर चाललं नाही ते लिहून येतं.

परवा सरांचा परत मेसेज, यंदा टीशर्टचा साईज पण विचारायचाय म्हणे. मी टेस्टची फाईल उघडून ठेवली आहे. पहिल्या दोन ओळींत कऱ्हाडे, एक सातचं आणि एक आठचं. खाली ॲड., ज्ञानेश्वर, सन १९८७ मराठीत, बदाम, आणि भाच्याची वजा ३ ताटं.